तार शाबूत आहे, मग वेबसाइट का उघडत नाही?

 जमलं तर कागद-पेन जवळ घ्या. पुढे काही आकडे सांगणार आहे, आणि रेडिओवर मागे जाऊन ऐकता येत नाही.

मी लासूर स्टेशनला वायफायची, फायबरची कामं करतो. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत मोंढ्यातल्या एका आडतीवरून बोलावणं आलं. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आत शेतकरी पट्टीची वाट बघत बसलेले, आणि संगणकावर बँकेचं पान उघडेना. त्याच वायफायवर मुनीमजींच्या मोबाईलला व्हॉट्सॲपवरून लासलगावचे भाव मात्र धडाधड येत होते. मुनीमजी म्हणाले, "नेट हाय बी अन् नाय बी." इतकं नेमकं निदान मी शिकलेल्या माणसांकडूनही क्वचितच ऐकतो.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता असतो तो आकड्यांचा. नावं आपल्या सोयीसाठी. आपण बँकेचं नाव टाकतो तेव्हा आपला फोन आधी एका वेगळ्या यंत्राला विचारतो, "या नावाचा आकडा काय?" आकडा मिळाला की मगच बँकेकडे जातो. या विचारपूस करायच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. पाहुणा लासूर स्टेशनला गाडीतून उतरला, बाहेरच्या टपरीवर त्याने तुमचं नाव सांगून घर विचारलं, तसाच हा प्रकार. टपरी बंद असेल तर रस्ता धड असूनही पाहुणा तिथेच उभा राहणार. व्हॉट्सॲप चालू राहतं कारण त्याची जोडणी आधीच झालेली असते, किंवा त्याने पत्ता जवळ जपून ठेवलेला असतो. त्याला दर वेळी विचारावं लागत नाही.

पूर्वी सगळ्या जगाची नावं अमेरिकेतल्या एका संस्थेत एकाच यादीत ठेवत. ती यादी सांभाळता येईना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही वाटून घेतलेली व्यवस्था मांडली. आजही आपण त्यावरच चालतो.

आता कामाचं बोलू. नेट अडलं की पहिलं काम, डब्यावरचे, म्हणजे राऊटरवरचे, दिवे बघा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबर तुटलंय. कुठे तरी जेसीबीने खोदलं असेल नाही तर उंदराने कुरतडलं असेल. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही, सरळ ऑपरेटरला फोन करा.

दिवे ठीक असतील तर घरातला दुसरा फोन बघा. त्याच वायफायवर दुसऱ्या फोनवर सगळं उघडतंय आणि एकाच फोनवर नाही, तर दोष त्या फोनचा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'खाजगी डीएनएस' नावाची एक ओळ असते. जाहिराती बंद करायच्या म्हणून कोणीतरी व्हिडिओ बघून तिथे काहीबाही भरून ठेवलेलं असतं. भाचे मंडळी यात पटाईत! ते 'आपोआप' वर आणा, आणि एखादं व्हीपीएनचं ॲप चालू असेल तर तेही बंद करा.

तिसरी गोष्ट, अडलेली साइट मोबाईल डेटावर उघडून बघा. तिथेही उघडत नसेल तर आपल्या घरात काही बिघडलेलं नाही. ई-पीक पाहणीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर गर्दी होते, तेव्हा राऊटरला बडवून काय उपयोग? ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवत असेल. नऊ वाजून गेल्यावर फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम एकदम बंद पडले, सुमारे सहा तास. त्यांच्या स्वतःच्या दुरुस्तीच्या कामात चूक झाली आणि त्यांची नावं सांगणारे सर्व्हरच जगाला दिसेनासे झाले. त्या रात्री आपल्याकडे कितीतरी जणांनी राऊटर बंद-चालू केले असतील, बिचारे.

मोबाईल डेटावर उघडतंय, पण वायफायवर कुठल्याच फोनवर उघडत नाही, असं असेल तर संगणकावर खातरजमा करा. कमांड प्रॉम्प्ट म्हणतात ती काळी खिडकी उघडा. तिथे 'पिंग' टाइप करा, जागा सोडा, आणि आकडा लिहा: आठ, टिंब, आठ, टिंब, आठ, टिंब, आठ. पुन्हा सांगतो, चार वेळा आठ, मध्ये टिंब. हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता, २००९ पासून सगळ्यांना फुकट खुला आहे. उत्तर आलं तर तार शाबूत. मग तसंच 'पिंग' लिहून पुढे गूगल डॉट कॉम टाका. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर चोर सापडला.

आडतीवर नेमकं हेच झालं होतं. आणि इथे एक गोष्ट सांगतो, जी दुकानदार सांगत नाहीत, कारण त्यांना नवा राऊटर विकायचा असतो. बहुतेक घरांत फोन नाव विचारतो ते थेट कंपनीच्या सर्व्हरला नाही, आपल्या राऊटरला. राऊटर ते पुढे विचारतो आणि उत्तर आणून देतो. ही मध्यस्थी करणारा त्याच्या पोटातला छोटा प्रोग्राम स्वस्त डब्यांत दमतो. आडतीवर पंधरा-वीस मोबाईल, सीसीटीव्ही, दोन संगणक, सगळ्यांचे प्रश्न त्याच्याकडे. तो अडकतो, पण बाकीचा राऊटर चालूच राहतो. म्हणून बंद करून चालू केला की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुमच्याकडे हेच होत असेल तर राऊटर टाकू नका, ही मध्यस्थी काढून टाका.

त्यासाठी राऊटर उलटा करा. खालच्या चिकटपट्टीवर त्याचा पत्ता लिहिलेला असतो. बहुधा एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक. काहींत शेवटून दुसरा आकडा शून्य असतो. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाका. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, मग हात लावा. फोनना पत्ते वाटण्याचं 'डीएचसीपी' नावाचं पान शोधा. तिथे डीएनएसच्या दोन चौकटी असतात. पहिलीत चार आठ, दुसरीत चार एक, मध्ये टिंब. चार एक हा क्लाउडफ्लेअरचा सर्व्हर, १ एप्रिल २०१८ पासून चालू आहे. जतन करा, आणि सगळ्या फोनचं वायफाय एकदा बंद करून चालू करा, नाहीतर ते जुनंच धरून बसतात. 'वॅन' च्या पानावरही डीएनएस असतो, पण तिथे बदललं तरी फोन राऊटरलाच विचारत राहतात. म्हणून डीएचसीपीचं पान.

एवढं करूनही काही फोन जुन्या वाटेनेच जातात. कारण आता बऱ्याच कंपन्या आयपीव्ही-सिक्स ही पत्त्यांची नवी पद्धतही देतात आणि त्याचा डीएनएस वेगळा येतो. राऊटरमध्ये त्याची वेगळी चौकट असते, तीही बघा.

वाड्यांमध्ये आणखी एक भानगड आढळते. वरच्या मजल्यावर रेंज नाही म्हणून जुना राऊटर तारेने जोडून देतात. मग दोन्ही डबे आपापल्या परीने पत्ते वाटतात, कधीकधी दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच. खाली बसलं की चालतं, वर गेलं की नाही, आणि कारण काही कळत नाही. वरच्या राऊटरचा पत्ता बदला, त्याची डीएचसीपी बंद करा, आणि तार त्याच्या 'लॅन' च्या खोबणीत लावा, 'वॅन' च्या नाही.

मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून रीसेट मात्र करू नका. जोडणीचं युजरनेम, पासवर्ड त्यात पुसलं जातं, आणि मग ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत बसा वाट बघत.

आता यापेक्षा वाईट प्रकार सांगतो. टपरी बंद असली तर पाहुणा नुसता खोळंबतो. टपरीवाल्यानेच मुद्दाम दुसऱ्याचं घर दाखवलं तर? नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एक टोळी उघड केली. त्यांच्या 'डीएनएस चेंजर' नावाच्या प्रोग्रामने शंभरावर देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांचा डीएनएस आपल्या सर्व्हरकडे वळवला होता. ज्यांनी राऊटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला नव्हता, त्यांच्या राऊटरमध्येही तो घुसायला बघायचा. कोर्टाच्या परवानगीने त्या सर्व्हरच्या जागी ९ जुलै २०१२ पर्यंत स्वच्छ सर्व्हर चालवले, कारण एकदम बंद केले असते तर तेवढ्या लोकांचं नेट एका क्षणात गेलं असतं.

आपल्याकडे आजही कितीतरी राऊटरचं युजरनेम 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन'. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, राऊटरच्या आत जाण्याचा. तो आज रात्रीच बदला. आत गेलात की डीएनएसच्या चौकटीत कोणते आकडे आहेत तेही बघा. अनोळखी असतील तर ऑपरेटरला विचारा, "हे तुमचेच का?" बँकेचं पान उघडताना 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा आला तर 'तरीही पुढे जा' वर बोट ठेवू नका. आणि पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

ऑपरेटरला तक्रार करतानाही नुसतं 'नेट गेलं' म्हणू नका. तसं म्हटलं की तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "बंद करून चालू करा." त्याऐवजी सांगा, "लाल दिवा नाही, चार आठांना पिंग जातो, पण नाव उघडत नाही, आणि घरातल्या सगळ्या फोनवर तसंच आहे." समोरचा माणूस मग तुम्हाला राऊटर बंद करायला सांगत बसणार नाही. दोष त्यांच्या डीएनएस सर्व्हरचा असेल तर तो त्यांनीच दुरुस्त करायचा आहे. तोवर चार आठांवर काम भागवा.