पिरॅमिड आणि चर

(युवक शिबिरातील भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता करतो, पण आज कविता वाचणार नाही. आज मड्यांविषयी बोलणार आहे, आणि कुठल्या मड्याची बातमी होते त्याविषयी.

जर्मनीत देसाऊ नावाचं शहर आहे. २००७ साली त्याच्या शिवारात जगातला सगळ्यात मोठा पिरॅमिड बांधायची टूम निघाली. इंगो नीरमान हा लेखक आणि येन्स थील हा अर्थतज्ज्ञ, ह्या दोघांची कल्पना. पिरॅमिड राजाचा नाही, सगळ्यांचा. कुठल्याही देशाच्या, कुठल्याही धर्माच्या माणसाने एक दगड विकत घ्यायचा. दगडात त्याची राख राहील, नाहीतर नुसतं नाव. माणसं मरत जातील तसा पिरॅमिड वाढत जाईल.

सरकारी सांस्कृतिक निधीतून पैसा मिळाला. आराखडे मागवले. परीक्षकांत रेम कूलहास हा नामांकित वास्तुरचनाकार आणि फॅशनच्या धंद्यातली मिउच्चा प्रादा. मग काय विचारता! देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. २०१० साली त्यावर सिनेमा निघाला. पिरॅमिड मात्र आजतागायत उभा नाही.

मला टिंगल करायची नाही. ज्याच्या गावात मसणवटासुद्धा जातीवार वाटलेला आहे, त्याला 'सगळे एकाच ढिगात' हे ऐकून बरंच वाटणार. मलाही वाटलं. पण मी थप्पी लावणारा माणूस. थप्पी म्हटली की मी पहिलं विचारतो, उचलणार कोण? आणि दगड विकत घ्यायचा म्हंजे, ज्याच्या खिशात दमडी नाय त्याने मेल्यावर जायचं कुठं?

त्याचं उत्तर न्यूयॉर्कने कधीच देऊन ठेवलंय. तिथं हार्ट आयलंड नावाचं बेट आहे. १८६९ पासून शहरातली बेवारस आणि कंगाल मडी तिथं पुरतात. आजवर दहा लाखांहून जास्त माणसं तिथं गेली. लांबच लांब चर खणायचा, फळ्यांच्या पेट्या एकावर एक तीन थर रचायच्या, वर माती लोटायची. ही थप्पी मला कळते. ती लावली कुणी? तुरुंगातल्या कैद्यांनी, चिल्लर मजुरीवर, २०२० पर्यंत.

१९८५ साली एड्सने मेलेल्या सतरा जणांना त्याच बेटावर, पण बाकीच्या मड्यांपासून लांब, दक्षिण टोकाला, जास्त खोल पुरलं. मेलेल्या माणसाचा विटाळ! आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

आईला आपलं पोर कुठं पुरलंय ते बघायचं असेल तर? बेट तुरुंग खात्याच्या ताब्यात. नातेवाईक कोर्टात गेले, तेव्हा कुठं २०१५ पासून त्यांना थडग्यापर्यंत जाता येऊ लागलं. बेट उद्यान खात्याकडे गेलं ते २०२१ साली.

आता बातमीचं बघा. २०२० च्या एप्रिलात, कोरोनाने शहर तडफडत होतं तेव्हा, वरून ड्रोन उडाला आणि त्या चराचे फोटो जगभर छापून आले. कैद्यांच्या जागी आता कंत्राटी मजूर, पांढऱ्या पोशाखात, पेट्या रचताना. जग हळहळलं. अरे, पण दीडशे वर्षं तोच चर होता! मध्ये कधीतरी कुणी चार ओळी लिहिल्या असतील, पण कागदावरच्या पिरॅमिडला जे कौतुक मिळालं ते भरलेल्या चराला नाय मिळालं.

तरी एक बाई आहे, मेलिंडा हंट. कलावंत. १९९० नंतर तिने त्या बेटावरच्या मड्यांचा पिच्छा सोडला नाही. तुरुंग खात्याच्या नोंदवह्या मागून घेतल्या, नावं गोळा केली, लोकांना शोधता येतील अशी मांडली. दगडावर दगड चढवायची गरज पडली नाही. वही उघडायला लावली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. लिहिणारे असाल तर कुणाच्या टोलेजंग स्मारकाचं चित्र बघून भुलू नका. त्याच शहरात चर कुठं आहे ते विचारा. तो कोण खणतो, त्याला काय मजुरी मिळते, आणि नावांची वही कुणाच्या कपाटात कुलूपबंद आहे, ते छापा. मेल्यावरच्या समतेची सुरुवात त्या वहीपासून होते.