देशाची श्रीमंती आणि रुग्णाचे मूत्रपिंड
(वार्षिक सभेत मूत्रपिंडविकार विभागातर्फे केलेले भाषण)



विषाणूजन्य आजाराने ग्रासलेला रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल होतो, तेव्हा आप्तांचे लक्ष साहजिकच त्याच्या श्वासाकडे असते. आमचे लक्ष त्याबरोबरच पलंगाखालच्या लघवीच्या पिशवीकडेही असते. दर किलो वजनामागे तासाला अर्धा मिलिलिटर एवढीही लघवी सलग सहा तास झाली नाही, किंवा रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमने वाढले, तर मूत्रपिंडास तीव्र इजा झाली असे आम्ही मानतो.

ही इजा गरीब-श्रीमंत पाहत नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्क परिसरातील एका रुग्णालय-समूहात दाखल झालेल्या ५,४४९ कोविड रुग्णांपैकी सुमारे ३७ टक्क्यांची मूत्रपिंडे दुखावली. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत तर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात होते. त्या धनाढ्य शहरातही डायलिसिसची यंत्रे, द्रावण आणि प्रशिक्षित परिचारिका अपुऱ्या पडल्या. मग देशाच्या श्रीमंतीने फरक पडतो तो कोठे? आमच्या मते, इजा होण्याच्या आधीचे दोन दिवस आणि झाल्यानंतरचे दोन आठवडे यांत.

२०१४ साली ७२ देशांत झालेल्या एका पाहणीत अल्प व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत या इजेचे सर्वांत मोठे कारण शरीरातील पाणी कमी होणे हे आढळले. श्रीमंत देशांत रक्तदाब घसरणे हे होते. म्हणजे आपल्याकडे पुष्कळ रुग्ण वेळेवर मिळालेल्या सलाईनने वाचू शकतात. जेथे क्रिएटिनिन तपासलेच जात नाही तेथे इजेची नोंदही होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कागदावरचा कमी आकडा नेहमीच सुचिन्ह नसतो. आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविज्ञान संस्थेने २०१३ साली संकल्प सोडला होता, की २०२५ पर्यंत या इजेने होणारा टाळता येण्याजोगा एकही मृत्यू घडू नये. ते वर्ष उलटले, मृत्यू थांबलेले नाहीत.

पैसा मूत्रपिंडापर्यंत कसा पोहोचतो, हे २०२१ च्या दुसऱ्या लाटेने लख्ख दाखवले. कोविडमागून म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेली ‘काळी बुरशी’, आली. तिच्यावरचे मुख्य औषध अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. त्याचे जुने, स्वस्त रूप मूत्रपिंडास चांगलेच जाचक. लिपोसोमल रूप पुष्कळ सौम्य, परंतु कित्येक पटींनी महाग, आणि त्या महिन्यांत देशभर दुर्मीळ. औषध एकच, बुरशीही एकच. मूत्रपिंडाला पोहोचणारा धोका मात्र खिशाप्रमाणे वेगळा. त्यातही पुष्कळ रुग्ण मधुमेही, त्यांची मूत्रपिंडे आधीच थकलेली. देशाच्या दरडोई उत्पन्नाची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनी खुशाल करावी. आम्हांस ते उत्पन्न औषधाच्या कुपीत दिसले.

राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हा निधी महामारीसारख्या दिवसांत झपाट्याने आटतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या डायलिसिस कार्यक्रमाने दीर्घकाळच्या रुग्णांना मोठा आधार दिला. तथापि मध्यरात्री रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाचे डायलिसिस ही निराळी गोष्ट आहे. तेथे यंत्राइतकाच यंत्र चालवणारा हात लागतो.

म्हणूनच देणगीदारांना आमची स्पष्ट विनंती आहे, की नाव कोरलेले आणखी एक यंत्र देण्यापूर्वी रात्रपाळीच्या तंत्रज्ञांचे आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे वेतन उचलावे. त्यावर कोनशिला बसत नाही, हे आम्ही जाणतो.

रुग्णांच्या आप्तांना आणखी एक सांगणे. घरी गेल्यावर लघवी पूर्ववत झाली म्हणून मूत्रपिंड पूर्ण बरे झाले असे समजू नये. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे, डॉक्टरांना विचारल्यावाचून वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीची तपासणी अवश्य करून घ्यावी. ज्यांना त्या दिवशी प्रवासखर्च परवडत नाही, त्यांनी समाजसेवा विभागात आधी सांगून ठेवावे.