‘अर्स्टव्हाइल’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि त्याचा धडा

(वडूज येथील वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका निवृत्त इंग्रजी शिक्षकाने केलेले भाषण)





मी आयुष्यभर इंग्रजी शिकविले. त्यामुळे आज इंग्रजीच्या महत्त्वावर बोलावे अशी सूचना मला आली. पण इंग्रजीचे महत्त्व आपणांस पटवून देण्याची आता गरज उरलेली नाही. ते प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. म्हणून मी फक्त एकाच शब्दावर बोलणार आहे. तो शब्द आहे ‘अर्स्टव्हाइल’. मुलांनो, स्पेलिंग लिहून घ्या : ई, आर, एस, टी, डब्ल्यू, एच, आय, एल, ई.

या शब्दाची व माझी गाठ मी आठवीत असताना पडली. साल असेल १९६३. माझे वडील औंध संस्थानात लहानाचे मोठे झाले आणि तेथील शाळेतून मराठी सातवी पास झाले. त्या दाखल्यावर संस्थानाचा शिक्का होता. अब्बांना एका कारखान्यात नोकरीसाठी अर्ज करायचा होता. अर्ज इंग्रजीत हवा म्हणून त्यांनी तो पैसे देऊन टाईप करून आणला. रात्री कंदिलाशी बसून त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, ‘‘वाच बेटा, काय लिहिलंय ते.’’

मी अडखळत वाचू लागलो. मध्येच ‘अर्स्टव्हाइल औंध स्टेट’ असे शब्द आले. मला अर्थ येईना. पण त्याच आठवड्यात आम्ही ‘वर्थव्हाइल’ हा शब्द शिकलो होतो. शेपूट सारखेच दिसले, म्हणून मी ठोकून दिले, ‘‘म्हणजे मोठ्या मानाचे औंध संस्थान.’’ अब्बांचा चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या इंग्रजीच्या सरांना विचारले. त्यांनी कोश उघडला आणि सांगितले, ‘‘अर्स्टव्हाइल म्हणजे पूर्वीचे. जे एके काळी होते आणि आता राहिले नाही ते.’’ मी घरी येऊन अब्बांना खरा अर्थ सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, ‘‘म्हणजे माझा दाखलाही गेला म्हणायचा?’’

या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देईन. आधी शब्दाकडे पाहू.

‘अर्स्टव्हाइल’ हा जोडशब्द आहे. ‘अर्स्ट’ म्हणजे सर्वांत आधी आणि ‘व्हाइल’ म्हणजे काळ, वेळ. आपण रोज वापरतो तो ‘अर्ली’ हा शब्द याच ‘अर्स्ट’च्या कुळातला. सुरुवातीला हा शब्द ‘पूर्वी, एके काळी’ अशा अर्थाचे क्रियाविशेषण होता. नामाच्या आधी विशेषण म्हणून तो पुढे वापरात आला. आज इंग्लंडात तो बोलण्यात फारसा ऐकू येत नाही. आपल्या देशातील वृत्तपत्रांत, सरकारी कागदांत व न्यायालयांच्या निकालांत मात्र तो जागोजाग भेटतो. त्याचे कारण आपल्या इतिहासात आहे. आपल्याकडे शेकडो संस्थाने होती. ती विलीन झाली, पण त्यांच्या जमिनी, इनामे, सनदा, शाळा व नोकर यांचे कागद शिल्लक राहिले. त्या कागदांवर बोलायचे तर ‘पूर्वीचे अमुक संस्थान’ असे पदोपदी म्हणावे लागते. त्यासाठी हा शब्द सोयीचा पडला.

आपल्या घरात यासाठी शब्द नाही असे समजू नका. उर्दूत आपण ‘साबिक’ म्हणतो. मराठीत ‘माजी’ म्हणतात, आणि हा ‘माजी’ आपल्या ‘माज़ी’चाच सख्खा. व्याकरणात माज़ी, हाल व मुस्तक़बिल हे तीन काळ तुमच्यापैकी काहींनी पाठ केले असतील. मराठीतला ‘हल्ली’ त्या ‘हाल’मधून आला. तेव्हा इंग्रजी शब्द परका वाटला तरी कल्पना परकी नाही.

आता वापराकडे वळू. येथे आपली मुले चार चुका करतात.

पहिली चूक मी स्वतः केली तीच. ‘अर्स्टव्हाइल’चा अर्थ ‘थोर’ किंवा ‘आदरणीय’ असा नाही. निरोप समारंभात मुले आपल्या मुख्याध्यापकांना ‘अवर अर्स्टव्हाइल हेडमास्टर’ म्हणतात. बिचारे समोर खुर्चीवर बसलेले असतात आणि त्यांच्या निवृत्तीला अजून पंधरा दिवस असतात! मुलांनी आदराने त्यांना आजच घरी पाठविलेले असते.

दुसरी चूक ‘लेट’ शब्दाशी गोंधळ करण्याची. ‘लेट’ म्हणजे मरहूम, दिवंगत. निवृत्त झालेले सर ‘फॉर्मर हेडमास्टर’ होत. त्यांना ‘लेट’ म्हटलेत तर घरची मंडळी रडत येतील.

तिसरी चूक ‘द देन’ या शब्दांबाबत होते. त्याला मराठीत ‘तत्कालीन’ म्हणतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना देऊन कारभार प्रजेकडे सोपविला. हे वाक्य इंग्रजीत लिहिताना ‘द देन राजा’ म्हणावे, कारण त्या साली ते गादीवरच होते. ‘अर्स्टव्हाइल राजा’ म्हटले तर वाचणाऱ्याला वाटेल की गादी गेल्यावर त्यांनी घटना दिली. ज्याने सत्ता हाती असताना सोडली, त्याचे सारे मोठेपण एका चुकीच्या शब्दाने पुसले जाते.

चौथी चूक, जे अजून आहे त्याला हा शब्द लावण्याची. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिणेकडच्या भागाला दक्षिण सातारा हे नाव मिळाले आणि १९६० मध्ये त्याचे सांगली झाले. म्हणून ‘अर्स्टव्हाइल साऊथ सातारा डिस्ट्रिक्ट’ हे बरोबर. पण ‘अर्स्टव्हाइल सातारा डिस्ट्रिक्ट’ हे चूक, कारण जिल्हा लहान झाला तरी तो आहे. तसेच १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, म्हणून त्यापूर्वीचे मुंबई राज्य हे ‘अर्स्टव्हाइल बॉम्बे स्टेट’.

एवढे ध्यानात ठेवा : होते, आणि आता नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच हा शब्द लावावा.

आता पुन्हा औंधकडे येऊ. वडूजहून औंध काही लांब नाही. आज ते आपल्याच खटाव तालुक्यात आहे. बहात्तर गावांचे हे लहानसे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व मान्यताही संपली. तेव्हा संस्थान म्हणून औंध अर्स्टव्हाइल झाले यात शंका नाही. परंतु त्याने जे उभे केले ते कोठे गेले? संस्थानाने दिलेल्या जागेवर १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात कैद्यांना भिंतीवाचून, विश्वासावर ठेवण्याचा प्रयोग झाला. शांतारामबापूंनी त्यावरून १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. औंधच्या टेकडीवरचे संग्रहालय आहे. औंधच्या शाळेत काही काळ साने गुरुजी शिकले, पुढे ग. दि. माडगूळकर शिकले.

कोल्हापूरचेही तसेच. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०६ साली तेथे मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग निघाले. कोल्हापूर संस्थान अर्स्टव्हाइल झाले, पण त्या बोर्डिंगात राहून शिकलेल्या मुलांची विद्या अर्स्टव्हाइल झाली नाही. ती त्यांच्या मुलांत आणि नातवंडांत उतरली.

आणि या वडूजचे काय सांगावे! ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार धारातीर्थी पडले. ज्या सरकारने गोळी झाडली ते अर्स्टव्हाइल झाले. ज्यांनी ती झेलली त्यांना हा शब्द कोणत्याही कोशाने लावता येणार नाही.

बंधूंनो, आता थोडे कडू बोलतो. आपल्या समाजात चार माणसे बसली की जुन्या वैभवाच्या गोष्टी निघतात. आमचे आजोबा अमुक होते, आमच्याकडे तमुक सनद होती. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण वर सांगितलेली कसोटी तेथेही लावावी. होते, आणि आता नाही. आजोबांच्या सनदेवर नातवाला दहावीच्या परीक्षेत एकही गुण मिळत नाही.

याहून मोठे दुःख माझ्या घरचेच आहे. त्या रात्री अब्बांनी प्रश्न विचारला तेव्हा माझी आपा चुलीशी भाकरी थापत होती. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. हिशेबात माझ्या कितीतरी पुढे. चौथीनंतर तिची शाळा बंद झाली होती. ती हसून म्हणाली, ‘‘अब्बा, तुमचा दाखला तरी आहे. माझा कुठे आहे?’’ अब्बांना उत्तर देता आले नाही. तिचा दाखला कोणी काढलाच नव्हता.

पुढे मी शिक्षक झाल्यावर मुद्दाम त्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टर पाहिले. आपाचे नाव होते. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते, ‘सतत गैरहजर’. ज्या मुलीला घरच्यांनी थांबवून ठेवले, तिच्यावरच कागदाने गैरहजेरीचा ठपका ठेवला होता. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, त्यांची निमंत्रणे मला येतात. आपाला आजवर एकही आलेले नाही.

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या लेकीला अर्ध्यावर ‘अर्स्टव्हाइल’ विद्यार्थिनी करू नका. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ज्यांची शाळा सुटली असेल त्यांनाही दार बंद नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकण्याची सोय करीत आले आहे. आणि शाळा सोडावी लागलीच तर दाखला काढून जपून ठेवा. तो पुढच्या प्रवेशाची किल्ली आहे.

आता अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर. दुसऱ्या दिवशी सरांना मी तोही प्रश्न विचारला. सर म्हणाले, ‘‘तुझ्या वडिलांना सांग, हा शब्द ‘औंध स्टेट’ला लागला आहे, दाखल्याला नाही. विशेषण कोणत्या नामाचे ते आधी पाहावे.’’ मी घरी येऊन तसे सांगितले. अब्बांनी दाखला पुन्हा घडी करून पेटीत ठेवला आणि अर्ज टपालात टाकला. त्याच दाखल्यावर त्यांना नोकरी लागली आणि त्या नोकरीवर मी शिकलो.

आपाचे उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते, आजही नाही. तिची नात यंदा दहावीला बसली आहे. तिला इंग्रजी मी शिकवतो. परवा हा शब्द आला तेव्हा आपा जवळच बसली होती. ती म्हणाली, ‘‘तिला बरोबर अर्थ सांग हां. आम्हाला तू एक दिवस उशिरा सांगितलास.’’

मुलांनो, शब्द चुकला तर कोश उघडून तो दुरुस्त करता येतो. तुमचे शिकण्याचे वय मात्र एकदा गेले की परत आणणे फार कठीण जाते. ते हाती आहे तोवर वापरा.