गिरणगावातलं समाजभवन कुणासाठी?

१८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे लालबाग-परळच्या गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमानं गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानानं एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि तेवढाच म्हाडाच्या घरांसाठी राखला होता. २००१च्या बदलानं तो रिकाम्या जमिनीपुरताच उरला. मॉल, टॉवर उभे राहिले. भजनाची, तालमीची जागा आक्रसली. म्हणून अशा वस्तीत समाजभवन बांधताना आधी जुन्या रहिवाशांना विचारावं. दार रस्त्यालगत, पायरीविना असावं. भाडं परवडावं. त्याच हॉलमध्ये दुपारी अभ्यासिका, रात्री नाटकाची तालीम व्हावी. बपेऱ्यासारख्या गावात समाजमंदिराचा नकाशा ठरवतानाही बाया आणि म्हातारी माणसं बैठकीत हवीतच.