मनाचा आजार, दारूचे व्यसन आणि गावातले उपचार

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण या मंडपात सोयाबीनचे वाण, ठिबक संच आणि बोंडअळीचे नियंत्रण यांविषयी ऐकत आहात. माझा विषय या यादीत बसत नाही, असे काहींना वाटेल. परंतु शेत पिकवणाऱ्या माणसाचेच मन खचले, किंवा तो दारूच्या आहारी गेला, तर चांगले बियाणे आणि खत शेतात जाणार कोणाच्या हातून? म्हणून मी हा विषय मुद्दाम मागून घेतला आहे.

मी डॉक्टर नाही, विस्तार कार्यकर्ता आहे. काही वर्षांपूर्वी एका गावात आमचे प्रात्यक्षिक प्लॉट होते. त्यांतील एक शेतकरी फार चौकस होता. प्रत्येक बैठकीला वही घेऊन पुढे बसायचा. दुसऱ्या हंगामात तो बैठकीला येईनासा झाला आणि त्याच्या शेतात तण माजले. आम्ही दोनदा त्याच्या घरी गेलो, तणनाशकाची शिफारस सांगितली आणि चहा घेऊन परत आलो. त्याला रात्र रात्र झोप लागत नव्हती आणि तो दुपारपासूनच पिऊ लागला होता, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. पोळ्यानंतर आठच दिवसांनी त्याने आपले आयुष्य संपवले. पानावरचा ठिपका पाहून रोग ओळखणारे आम्ही लोक, समोर बसलेल्या माणसाचा आजार आम्हाला ओळखता आला नाही. त्याच्या जाण्यामागे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. कर्ज होते, पावसाने दगा दिला होता. पण उपचार होऊ शकेल असा एक आजारही होता, आणि त्यावर उपचार झाला नाही.

आजार मोठा, उपचार थोडा

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि दारूमुळे आजारी असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ८६ जणांना उपचार मिळत नव्हता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यसनांच्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, दारूवाचून राहू न शकणाऱ्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळतो.

याचे एक कारण लाज. दुसरे कारण माणसांची टंचाई. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आहेत आणि तेही शहरात आहेत. तालुक्याच्या गावी जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा प्रश्न असा की, गावातल्याच शिकलेल्या माणसाला प्रशिक्षण देऊन यातले काही काम त्याच्याकडून होईल काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारी गोव्यात आणि आपल्या विदर्भात शोधले गेले आहे.

गोव्यातील प्रयोग

आपण वाणांची चाचणी कशी घेतो? एकाच रानात काही वाफ्यांत नवा वाण, काही वाफ्यांत जुना, आणि कोणता वाफा कोणाला हे चिठ्ठी टाकून ठरवतो. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने हीच रीत माणसांच्या उपचारासाठी वापरली. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांना दारूविषयी १० ठरावीक प्रश्न विचारले. ज्यांचे पिणे नुकसानकारक पातळीवर गेले होते अशा ३७७ जणांचे चिठ्ठीने दोन गट केले. एका गटाला केंद्रातील नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला तीच सेवा आणि शिवाय समुपदेशकाशी एक ते चार बैठका.

हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. ते लोकांची बोली बोलणारे, प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते होते. दारूने तुमच्या तब्येतीचे, घराचे, पैशाचे काय होत आहे ते ते शांतपणे समोर मांडत. मग मित्राने आग्रह केला तर नाही कसे म्हणायचे, तल्लफ आली तर काय करायचे, पुन्हा घसरण झाली तर कसे सावरायचे, याचा सराव करून घेत. उपदेश नाही, दटावणी नाही.

निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातील ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. मागील १४ दिवसांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्यात १८ टक्के निघाले. वर्षभरानंतरही हा फरक टिकून होता. जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात मात्र विशेष फरक पडला नाही. म्हणजे हा रामबाण नव्हे, पण चार बैठकांच्या खर्चात मिळालेले हे उत्पन्न चांगलेच म्हणावे लागेल.

याच पद्धतीने तीव्र उदासीनतेच्या ४९५ रुग्णांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात सहा ते आठ बैठका होत्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक बरे झाले, दुसऱ्यात ३९ टक्के. या उपचाराचे सूत्र साधे आहे. उमेद येईल तेव्हा काम करू, असे म्हणत बसले तर उमेद येत नाही. आधी एखादे लहान काम हाती घ्यावे, बांधावर फेरी मारावी, भावकीत जाऊन यावे. कामामागून उमेद येते.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावे

‘विश्राम’ नावाचा उपक्रम अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविण्यात आला. गावपातळीवर आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक आणि गरजेपुरता मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. उदासीनतेच्या रुग्णांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते. १८ महिन्यांत ते २७.२ टक्के झाले. जीव देण्याचे विचार आल्याचे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. येथे तुलनेसाठी वेगळी गावे ठेवलेली नव्हती, म्हणून सगळे श्रेय उपक्रमालाच देता येणार नाही. तरीही सेवा दाराशी आली तर आपले लोक ती घेतात, एवढे यातून नक्की कळते.

ओळखावे कसे?

कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की आपण बोंडअळीवर उपाय सुरू करतो. एका पतंगाने घाबरत नाही आणि पीक जाईपर्यंत थांबतही नाही. माणसाच्या बाबतीतही अशीच पातळी ठरवून घ्यावी. पुढील गोष्टी दोन आठवडे जवळपास रोज दिसल्या, तर उपचाराची वेळ आली असे समजावे :

१) मन सतत खिन्न, कशातच रस नाही.
२) झोप उडाली किंवा फारच वाढली, भूक मेली.
३) काम न करताही थकवा, साधे निर्णय घेता येत नाहीत.
४) ‘मी घरावर ओझे आहे’, ‘आता जगून काय करू’ अशी भाषा.

दारूच्या बाबतीत सकाळी उठल्याबरोबर प्यावीशी वाटणे, न प्याल्यास हात थरथरणे, ठरवूनही थांबता न येणे ही व्यसन पक्के झाल्याची लक्षणे आहेत. अशा माणसाला चार बैठका पुरत नाहीत. त्याला दवाखान्यातच न्यावे लागते.

जीव देण्याचा विचार मनात येतो काय, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले, तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून किंवा शपथ घालून एका दिवसात दारू बंद करणे. अशा वेळी पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होतो, भलतेसलते दिसू लागते आणि जीवही जाऊ शकतो. दारू जरूर सोडावी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दुसरी चूक म्हणजे जेवणातून नकळत औषध देणे. ‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण पाहतो. दारू सोडविण्याच्या काही गोळ्या अशा असतात की त्यांवर दारू प्याल्यास रक्तदाब एकदम उतरतो आणि प्राणावर बेतू शकते. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच औषध द्यावे.

तिसरी गोष्ट कीटकनाशकांची. श्रीलंकेने १९९५ मध्ये अतिविषारी वर्गातील कीटकनाशकांवर आणि १९९८ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली. २००५ पर्यंत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. तेथेच पुढे घरोघर कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या, पण तेवढ्याने आत्महत्या घटल्या नाहीत. यातून आपण घ्यायचे ते असे : फवारणीपुरतेच औषध आणावे, कमी विषारी पर्याय निवडावा, उरलेले घरात साठवू नये. घरात कोणी खचलेले असेल तर ते घराबाहेरच हलवावे.

जायचे कोठे?

प्रथम आशाताईंशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू झाला. त्यातून जिल्हा रुग्णालयात तपासणी व औषधे मिळतात. नागपूर, पुणे, ठाणे आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करीत आहे. घरबसल्या बोलायचे असेल तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

आणखी एक. कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि वाचला, तर पोलिसांच्या भीतीने घरचे लोक दवाखान्यात नेत नाहीत किंवा खरे सांगत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरले जाते आणि त्याला शिक्षा न करता उपचार द्यायचे असतात. तेव्हा वेळ घालवू नका आणि काय झाले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

बंधू-भगिनींनो, कर्ज, भाव आणि पाऊस यांचे प्रश्न समुपदेशनाने सुटणार नाहीत. ते प्रश्न आपल्याला मांडावेच लागतील. पण ते मांडायला माणूस शिल्लक राहिला पाहिजे. आपल्या शेतकरी गटाची पुढील बैठक होईल तेव्हा हजेरी घ्या. लागोपाठ दोन बैठकांना जो आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी जा. बियाण्याचे नंतर विचारा. आधी विचारा, ‘दादा, झोप लागते का?’

आम्ही तेवढे विचारले नव्हते. म्हणून आपल्याला सांगत आहे.