अल्सेशियन आणायचा?

नातवाने हट्ट धरलाय, 'आजोबा, अल्सेशियनच हवा!' अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्ड. मूळचा मेंढरे राखणारा. १८९९ मध्ये जर्मनीत या जातीची रीतसर नोंद सुरू झाली. दिवसभर कळपाभोवती धावणारा हा प्राणी दोन खोल्यांत काय करणार? काम नसले, की पळणाऱ्या मुलांनाच मेंढरांसारखा वळू लागतो! नराचे वजन ३० ते ४० किलो. केस बारा महिने गळतात, तेही सोसू. पण रोज दीड-दोन तास त्याला पळवणार कोण? मुलगा-सून कचेरीत, माझे गुडघे हे असे. आणि कुत्रा जगतो दहा-बारा वर्षे. नातवाला म्हटले, महिनाभर पहाटे मैदानाला फेऱ्या मार, मी बाकावर बसून मोजीन, मग बोलू. आज नववा दिवस. पठ्ठ्या अजून उठतोय.