सोडत आणि शेजार



वस्तीचा कायापालट झाला की नाही, हे नकाशावरून कळत नाही. वस्तीत राहणारांनाच ते विचारावे लागते. म्हणून आम्ही आज मुंबईच्या बी. डी. डी. चाळींचेच उदाहरण घेतो. गव्हर्नर लॉईड यांच्या अमदानीत, १९२० साली, सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते काढले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबच लांब बोळ. खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात नवराबायको, पोरे, सासूबाई आणि गिरणीत चिकटण्यासाठी गावाहून आलेला पुतण्या!

चाळीचे गोडवे गाणारांशी आमचे जमत नाही. बहुधा चाळ सोडून गेलेली मंडळीच ते गातात. पहाटे बादली घेऊन सामायिक संडासापुढे ताटकळणाऱ्या बाईने ते गाइलेले आमच्या तरी ऐकिवात नाही. तिला ५०० चौरस फुटांचे, मालकीचे, आत न्हाणी-संडास असलेले घर विनामूल्य मिळते, यात तिच्यावर कोणी उपकार करीत नाही. २०१७ साली भूमिपूजन झाले आणि वरळीच्या चाळीस मजली इमारतींतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या हाती पडल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. तेवढ्या काळात कित्येक म्हाताऱ्यांची वाट पाहणेच संपले असेल.

परंतु कोणते घर कोणाला, हे सोडतीने ठरते. वशिल्याला वाव राहू नये म्हणून सोडत हवीच; त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती चिठ्ठी एकेका कुटुंबाची काढण्याबद्दल. बोळात दारे दिवसभर उघडी असत. कामावर जाणारी आई मूल समोरच्या दारात सोडून जाई; रात्री कोणाला धाप लागली तर हाक मारण्याचीही गरज पडत नसे, खोकल्यानेच शेजार जागा होई. हा शेजार चौरस फुटांत मोजता येत नाही, म्हणून करारात त्याची नोंद नाही. समोरच्या दारातली मावशी आता तिसाव्या मजल्यावर आणि मूल नवव्यावर! मध्ये लिफ्ट, आणि दोन्हीकडे बंद दारे.

अजून बरीच कुटुंबे नव्या घरांत जावयाची आहेत. त्यांच्यासाठी जुन्या मजल्याचा एक गट धरावा, चिठ्ठी गटाची काढावी आणि त्याला लागोपाठचे मजले द्यावेत. यास पैसा लागत नाही. ज्यांना जुना शेजार नकोच असेल — असेही असतात, आणि त्यांची कारणे बहुधा खरी असतात — त्यांची चिठ्ठी खुशाल वेगळी काढावी.